शाळेतील आरोग्य तपासणी आणि घरी आलेली चिठ्ठी
(वर्षावास व्याख्यानमालेतील भाषण)



 

या वर्षीच्या वर्षावासात मुलांच्या आरोग्याचा विषय घ्यायचे ठरले, तेव्हा कार्यवाहांनी मला बोलण्याची आज्ञा केली. मी म्हटले, मी डॉक्टर नाही. बँकेत खिडकीमागे बसणारा लिपिक, शिक्षण बी.ए., तेही इतिहास घेऊन. मी आरोग्यावर काय बोलणार? ते म्हणाले, डॉक्टर पुढच्या रविवारी येणारच आहेत, आज एका पालकाने बोलावे. म्हणून मी पालक या नात्याने उभा आहे. आणि खरे सांगायचे तर चुकलेला पालक या नात्याने.

माझी धाकटी मुलगी पहिलीत होती. एके दिवशी तिच्या दप्तरातून एक चिठ्ठी घरी आली. शाळेत आरोग्य पथक येऊन गेले होते. चिठ्ठीवर तिचे नाव, उंची, वजन, आणि खाली निळ्या शाईत लिहिलेले : उजवा डोळा ६/६, डावा डोळा ६/२४, नेत्रतज्ज्ञांकडे दाखवावे. मी ती वाचली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी शर्ट धुवायला जायचा म्हणून खिशातली कागदपत्रे काढली आणि ती चिठ्ठी विम्याच्या पावत्यांच्या खणात गेली. ती तिथून बाहेर पडली पावणेदोन वर्षांनी, आणि तीही मी दुसराच कागद शोधत होतो म्हणून.

या पावणेदोन वर्षांत मी काय करत होतो? रोज बँकेत जात होतो. एखाद्या चेकवर तारीख चुकली, सहीचे एक वळण जुळले नाही, तर तो चेक मी त्याच दिवशी परत करत होतो. ग्राहक चिडत, मी नियम सांगत असे. आणि माझ्याच लेकीच्या डोळ्याचा कागद माझ्याच खणात पडून होता.

माझ्याकडे कारणे पुष्कळ होती. मुलगी वाचत होती, लिहीत होती, वर्गात पुढे होती. मग डोळ्यात काय दोष असणार? शिवाय मनात असा एक भाव होता की सरकारी पथक म्हणजे अर्ध्या तासात शंभर मुले उरकणारे, त्यांचे काय मनावर घ्यायचे? आणि घरात माझ्या आईचे म्हणणे : “एवढ्याशा पोरीले काहून चष्मा लावता? पुढं कोण पसंत करीन तिले?” आई शिकलेली नव्हती, तिला दोष देत नाही. मी शिकलेला होतो.

पुढे नेत्रतज्ज्ञ बाईंनी जे समजावून सांगितले ते तुम्हालाही सांगतो, कारण ते प्रत्येक घराच्या उपयोगाचे आहे. ६/२४ म्हणजे काय? चांगल्या डोळ्याला जे अक्षर चोवीस मीटरवरून दिसते, ते वाचायला या डोळ्याला सहा मीटरवर यावे लागते. हा अक्षरांचा तक्ता हर्मन स्नेलेन नावाच्या डच डॉक्टरने १८६२ साली तयार केला आणि अजूनही जगभर त्याच हिशेबाने डोळे मोजतात. माझ्या मुलीच्या दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक होता. अशा वेळी मेंदू काय करतो? स्पष्ट चित्र पाठवणाऱ्या डोळ्याचे ऐकतो आणि धूसर चित्र पाठवणाऱ्या डोळ्याकडे हळूहळू दुर्लक्ष करायला शिकतो. तो डोळा वरून निकोप दिसतो. दुखत नाही, लाल होत नाही, पाणी येत नाही. पण त्याची पाहण्याची शक्ती वाढायची ती वाढतच नाही. याला आळशी डोळा म्हणतात. (आळशी डोळा की आळशी बाप, हा प्रश्न मला त्या दवाखान्यातच पडला होता.)

मूल हे सांगत का नाही? कारण त्याला ठाऊकच नसते. जन्मापासून जग जसे दिसले तसेच ते सगळ्यांना दिसत असणार, असे त्याला वाटते. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिले की एका चांगल्या डोळ्यावर सगळे भागते. एक डोळा झाकल्याशिवाय दुसऱ्याचा दोष कळत नाही. शाळेत आलेल्या पथकाने नेमके एवढेच केले होते : एक डोळा झाकला, मग दुसरा. मी ज्यांना उरकणारे म्हटले, त्यांनी दोन मिनिटांत जे पाहिले ते मी सहा वर्षांत पाहिले नव्हते.

यावर उपचार आहे. योग्य नंबरचा चष्मा, आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी. म्हणजे मेंदूला आळशी डोळ्याचे ऐकणे भाग पडते. परंतु हा उपचार जितक्या लवकर तितका गुणकारी. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत फळ चांगले मिळते. पुढेही काही सुधारणा होते, पण कष्ट जास्त आणि फळ कमी. आम्ही गेलो तेव्हा मुलगी आठ वर्षांची होती. बाईंनी रागावून काही म्हटले नाही. चिठ्ठीवरची तारीख पाहिली, माझ्याकडे पाहिले आणि कागद परत दिला. ते रागावण्यापेक्षा वाईट होते.

दीड वर्ष पट्टी लावली. तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल, ती याच विहारात एका डोळ्यावर पट्टी लावून वंदनेला बसत असे आणि पोरे तिला चिडवत. डावा डोळा ६/१२ पर्यंत आला. तिथेच थांबला. आज ती दहावीत आहे, अभ्यासात चांगली आहे, तिचे काही अडत नाही. पण तो डोळा पूर्ण झाला नाही, आणि पावणेदोन वर्षे आधी गेलो असतो तर किती सुधारला असता, याचे उत्तर आता कोणीच देऊ शकत नाही.

मित्रहो, शाळेत मुलांची तपासणी व्हावी हा विचार आपल्या देशात नवा नाही. १९०९ साली बडोदा शहरात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी प्रथम झाली. बडोद्याचे नाव ऐकताच आपल्या मनात काय येते ते सांगायला नको. त्याच संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. पण बडोद्यात पडलेले हे पाऊल देशभर पुढे गेले नाही. १९४६ साली भोर समितीने आपल्या अहवालात शालेय आरोग्य सेवा जवळजवळ अस्तित्वातच नसल्याचे नोंदवले. स्वातंत्र्यानंतर समित्या झाल्या, अहवाल झाले, कुठे चालले, कुठे बंद पडले. अलीकडची मोठी गोष्ट म्हणजे २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच महाराष्ट्रात, पालघर येथे सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तो आहे. फिरत्या पथकात दोन डॉक्टर असतात, एक पुरुष व एक महिला. सोबत परिचारिका आणि औषधनिर्माता. अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी करावी असे त्यात ठरलेले आहे. जन्मजात दोष, आजार, पोषणाची कमतरता आणि वाढ-विकासातील विलंब असे चार भाग पाहतात. काही आढळले तर मुलाला पुढे पाठवतात आणि तिथला उपचार, अगदी हृदयाची शस्त्रक्रिया लागली तरी, या कार्यक्रमातून मोफत होतो.

इथे एक गोष्ट मी मुद्दाम सांगतो. आपल्यातील ज्यांना थोडी स्थिरता आली त्यांनी आपली मुले विनाअनुदानित इंग्रजी शाळेत घातली. चांगले केले. पण हे पथक त्या शाळांत जात नाही. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतील मजुराच्या मुलाचे डोळे वर्षातून एकदा तपासले जातात, आणि आपण हजारो रुपये फी भरतो त्या मुलाचे तपासलेच जातील याची खात्री नाही. काही खाजगी शाळा स्वतः तपासणी करतात, काही करत नाहीत. तेव्हा फी भरली म्हणजे काम झाले असे समजू नये. शाळेत विचारावे, आणि नसेल तर आपण न्यावे.

तपासणी म्हणजे निदान नव्हे, हेही समजून घेतले पाहिजे. आपल्या घरी आई धान्य चाळते. चाळणीवर खडे राहतात, तसे काही जाड दाणेही राहतात. मग ती हाताने निवडते. शाळेतील तपासणी ही चाळणी आहे. चिठ्ठी आली म्हणजे मूल आजारी आहे असे नाही. ‘हाताने निवडून पाहा’ एवढाच तिचा अर्थ. पुष्कळ मुले पुढे तपासल्यावर ठणठणीत निघतात. पण चाळून ठेवलेले तसेच सुपात सोडून दिले, तर चाळले कशासाठी?

आता मी या विहाराच्या अभ्यासिकेतील एका मुलाविषयी बोलतो. नाव सांगणार नाही. रविवारी मी तिथे इतिहास व मराठी शिकवतो. हा मुलगा चौथीत, नेहमी शेवटी बसायचा. हाक मारली तर कधी पाहायचा, कधी नाही. श्रुतलेखनात अर्धे शब्द भलतेच. शाळेत त्याला ‘मठ्ठ’ हे नाव पडले होते आणि, लाज वाटते, मीही एकदा ते उच्चारले होते. एके दिवशी तो माझ्या उजव्या बाजूला अगदी जवळ बसला, तेव्हा त्याच्या कानातून वास येत असल्याचे लक्षात आले. विचारले तर म्हणाला, “कान वायते जी माह्या. आजी तेल टाकते.” ऐकू येते का रे? “येते नं. पोरं गलका करतात म्हणून समजत नाही.”

त्याच्या कानाच्या पडद्याला छिद्र होते. वारंवार सर्दी, त्यातून मधल्या कानात पू, मग पडदा फुटणे. लहान मुलांत हे सर्रास होते. अशा कानात तेल सोडणे अगदी चूक. औषधाने कान कोरडा झाला, पुढे सरकारी रुग्णालयात पडद्याची शस्त्रक्रियाही झाली. तो आता मठ्ठ आहे का? मधल्या फळीतला विद्यार्थी आहे. उत्तरे चुकतात तेव्हा स्वतःच्या बुद्धीने चुकतात, आणि तेवढा अधिकार प्रत्येक मुलाला आहे.

आपल्या धम्मसाहित्यात चुल्लपंथकाची कथा आहे. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ होईना. थोरला भाऊ महापंथक, तोही भिक्खू आणि विद्वान, त्याने कंटाळून सांगितले की तू विहार सोडून जा. जीवकाकडच्या भोजनाच्या निमंत्रणातही त्याला मोजले नाही. पहाटे तो निघाला, तेव्हा तथागत त्याला दारातच भेटले. त्यांनी पुन्हा गाथा पाठ करायला लावली नाही. एक स्वच्छ वस्त्र हाती दिले आणि ते चोळत बसायला सांगितले. वस्त्र मळत गेले आणि त्या मळण्याकडे पाहता पाहता अनित्यता त्याला समजली. तो अर्हत झाला. या कथेतील महापंथक दुष्ट नाही. तो तुमच्या-माझ्यासारखा आहे : हुशार, घाईत असलेला, आणि एकच पद्धत माहीत असलेला.

मुलाला डोळ्यांनी नीट दिसते, कानांनी ऐकू येते, बोलण्यात हुशारी आहे, पण वाचायला बसला की ‘घ’चा ‘ध’, ‘भ’चा ‘म’, ओळ सुटते, फळ्यावरचे उतरवताना रडकुंडीला येतो, तेव्हा वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता आहे का ते पाहावे लागते. २००७ साली आलेला ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. चित्रपट पाहून डोळे पुसले, पण घरातल्या पोराला मात्र ‘लक्ष देत नाही’ म्हणून मारले, असेही झाले. आरंभीच्या एक-दोन इयत्तांत अक्षरे चुकणे साहजिक आहे. म्हणून या दोषाचे प्रमाणपत्र साधारण आठ वर्षांनंतर देतात. पण मदत करायला प्रमाणपत्राची वाट पाहावी लागत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये एकवीस प्रकारांत याचा समावेश झाला आहे. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, गरजेप्रमाणे लेखनिक अशा सवलती मिळतात. ही भीक नाही. तुमच्यापैकी ज्यांना वाटते की अशा कागदाने मुलावर शिक्का बसेल, त्यांना मी इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक सांगतो. १९०५ साली फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी मुलांच्या बुद्धीची पहिली चाचणी तयार केली, ती कोणत्या मुलाला जादा मदत लागेल हे ओळखण्यासाठी. पुढे इतर देशांत तीच वापरून माणसांच्या प्रतवाऱ्या लावल्या गेल्या. जन्मावरून प्रतवारी म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. म्हणून कागद कोणाच्या हातात आहे आणि कशासाठी आहे, हे पालकाने पाहिले पाहिजे. पण कागदच नको म्हणणे हा त्यावर उपाय नाही.

आणखी एक लक्षण. मूल बोलता बोलता किंवा लिहिता लिहिता काही सेकंद थांबते, शून्यात पाहते आणि पुन्हा जणू काही झालेच नाही असे कामाला लागते. दिवसातून अनेकदा होते. शिक्षक लिहितात : वर्गात लक्ष नसते. हा मिरगीचा एक सौम्य प्रकार असू शकतो आणि तो औषधाने आटोक्यात येतो. चप्पल किंवा कांदा हुंगवून येत नाही.

रक्ताविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) देशातील पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. म्हणजे या सतरंजीवर दहा मुली बसल्या असतील तर त्यांतील सहा. आपण म्हणतो, पोरगी आळशी झाली, सारखी झोपते. तिच्या खालच्या पापणीचा आतला भाग पाहा, फिकट आहे का. पाटीची पेन्सिल, खडू, माती खाते का? ते चोचले नसतात, शरीरात लोह कमी असल्याची ती खूण असू शकते. शाळेत लोहाच्या गोळ्या देतात. लहान मुलांना गुलाबी, दहा वर्षांपुढच्यांना निळ्या, आठवड्यातून एकदा. जंताची गोळीही देतात. किती मुले त्या गोळ्या शाळेच्या मागे फेकतात हे समोरच्या विद्यार्थी मित्रांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मळमळते म्हणून फेकतात. जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. आणि जेवणासोबतचा चहा बंद करा, तो अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. त्याऐवजी लिंबू पिळा.

आता जे बोलायला मी संकोच करत होतो त्याकडे येतो. विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आहे. ही गोष्ट आजची नाही. मध्य भारतातील सिकलसेलविषयी डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांचा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९५८ साली छापून आला. १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली, त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी. तेव्हापासून आजवर आपण हा विषय कुजबुजतच बोलतो.

हाता-पायाचे सांधे वारंवार दुखतात, डोळे पिवळे होतात, सारखा ताप येतो, मूल वाढत नाही, शाळा बुडते. घरात म्हणतात, वाढीचे दुखणे आहे. एका साध्या रक्ततपासणीत संशय येतो आणि पुढच्या तपासणीत नक्की होते की मूल वाहक आहे की रुग्ण. हा फरक नीट ध्यानात घ्या. वाहक म्हणजे एका पालकाकडून सदोष जनुक आलेला. तो सामान्य आयुष्य जगतो, त्याला औषध लागत नाही. रुग्ण म्हणजे दोन्हीकडून आलेला. दोन वाहकांनी लग्न केले तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता शंभरात पंचवीस, वाहक असण्याची पन्नास आणि पूर्ण निकोप असण्याची पंचवीस. एक मूल रुग्ण झाले म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब नाही. दर वेळी नाणे नव्याने उडते.

रुग्ण मुलाला वेळीच ओळखले तर पुष्कळ करता येते. भरपूर पाणी, थंडीपासून जपणे, लसी, डॉक्टरांच्या सल्ल्याने रोजचे औषध. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनेचे झटके कमी होतात. ताप आला तर घरी गोळी देऊन वाट पाहू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. लोहाची गोळीसुद्धा अशा मुलाला डॉक्टरांना विचारूनच द्यावी. शाळेला कळवावे, म्हणजे पी.टी.च्या तासाला मास्तर त्याला उन्हात पळवणार नाहीत आणि पाणी प्यायला उठला म्हणून ओरडणार नाहीत. हा विकारही २०१६ च्या कायद्यात आहे. २०२३ च्या जुलैत शासनाने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियानही सुरू केले.

पण आपण काय करतो? अहवाल लपवतो. मुलीचा असेल तर दुप्पट लपवतो. माझ्या माहितीतील एका घरी मुलगी वाहक असल्याचा कागद आईने चुलीत घातला, कारण मोठीचे लग्न जमायचे होते. पोस्टाने आलेली दुसरी प्रत वडिलांनी फाडली. मी त्या बाईंना नावे ठेवत नाही. जिथे पाहुणे कागद पाहून उठून जातात, तिथे आई आणखी काय करील? दोष त्या उठून जाणाऱ्या पाहुण्यांचा, म्हणजे आपलाच. आपण पत्रिका जुळवणे सोडले याचा आपल्याला अभिमान आहे. मग विद्यार्थी मित्रहो, तुम्ही रक्त जुळवून पाहायला काय हरकत आहे? वाहकाने लग्न करू नये असे मुळीच नाही. दोघेही वाहक आहेत का, एवढेच आधी पाहायचे, आणि असतील तर डॉक्टरांशी बोलून डोळसपणे पुढचे ठरवायचे.

बाबासाहेब आणि रमाई यांची चार अपत्ये लहानपणीच गेली. धाकटा राजरत्न १९२६ साली. पाच लेकरांपैकी एकटे यशवंतराव हाती राहिले. तेव्हा दारात पथक येत नव्हते, दप्तरातून चिठ्ठी येत नव्हती. आणि आपण तर ती खणात ठेवतो. मी ठेवली.

उंची-वजनाविषयी एकच सांगतो. बँकेच्या पासबुकातली एक नोंद पाहून खातेदाराची स्थिती कळत नाही. ओळीने नोंदी पाहिल्या की कळते. तसेच मुलाचे. शाळकरी मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढते. वाढदिवसाच्या दिवशी दाराच्या चौकटीवर पेन्सिलने रेघ मारा आणि तारीख लिहा. दोन वर्षे रेघ जेमतेम हलली असेल तर डॉक्टरांना दाखवा. दातांत एक फसगत आहे : सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे जी दाढ येते ती कायमची असते. दुधाची समजून आपण तिच्याकडे दुर्लक्ष करतो, ती किडते, आणि तिच्या जागी दुसरी येत नाही. पाच, दहा आणि सोळाव्या वर्षीच्या लसींचेही असेच विस्मरण होते.

तपासणीच्या दिवशी मुलीला घरी ठेवू नका. पथकात महिला डॉक्टर असतात. आधीचे कागद, लसीकरणाचे कार्ड दप्तरात द्या. झटके येतात, अंथरूण ओले होते, रात्री दम लागतो, हे लाजून लपवू नका. मूल स्वतः सांगणार नाही.

आणि संस्थेपुढे माझी एक सूचना आहे. मला हिशेबाच्या वह्या ठेवण्याशिवाय दुसरे काही येत नाही, म्हणून सूचनाही वहीचीच. ज्यांच्या घरी अशी चिठ्ठी आली त्यांनी अभ्यासिकेच्या प्रमुखांना नुसते सांगावे. वहीत आजार लिहायचा नाही, फक्त घराचा क्रमांक आणि तारीख. पंधरा दिवसांनी आमच्यापैकी एकाने जाऊन विचारायचे : दाखवले का? रजा मिळत नसेल, रोजी बुडत असेल, रुग्णालयात कुठल्या खिडकीवर जायचे ते कळत नसेल, तर आमच्यातला कोणीतरी सोबत जाईल. खिडकीमागच्या माणसाशी कसे बोलायचे ते मला चांगले येते. वहीत दोन रकाने असतील, चिठ्ठी आली आणि दाखवून झाले. महिनाअखेरीस दोन्हींची बेरीज जुळली पाहिजे.

माझे भाषण लांबले. भोजनदानाला अजून अर्धा तास आहे. बाहेर ओसरीवर आम्ही सहा मीटर अंतर मोजून पांढऱ्या रंगाची रेघ मारली आहे आणि समोरच्या भिंतीवर इंग्रजी ‘ई’ या अक्षराचा तक्ता लावला आहे. ज्या मुलांना वाचता येत नाही त्यांनी ‘ई’चे पाय कोणत्या दिशेला आहेत ते बोटांनी दाखवायचे. एक डोळा झाकायला पुठ्ठ्याचे तुकडे कापून ठेवले आहेत. तक्त्याजवळ माझी मुलगी उभी आहे, ती दाखवील. लहान मुलांनी आधी रांग लावावी. मोठ्यांनाही मनाई नाही.